नवा विषय नको, जुनाच प्रश्न द्या

पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल ज्यांनी तपासले आहेत, त्यांना शीर्षकाचा साचा पाठ असतो. ‘अमुक तालुक्यातील महिला बचत गटांच्या आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास: विशेष संदर्भ तमुक गाव’. तालुका बदलतो, गाव बदलतं, साल बदलतं. आत प्रकरणं पाच. पहिल्यात प्रस्तावना, दुसऱ्यात पूर्वसाहित्याचा आढावा, तिसऱ्यात ‘संशोधन म्हणजे काय’ याच्या तीन-चार विलायती व्याख्या, चौथ्यात रंगीत पाय चार्ट. पाचव्यात निष्कर्ष व शिफारशी, आणि शेवटची शिफारस हमखास ‘शासनाने याकडे लक्ष द्यावे’ अशी. नमुना शंभरचा, कारण शंभरावर टक्केवारी वेगळी काढावी लागत नाही. गृहीतक सिद्ध झालेलंच असतं. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, मार्गदर्शकाची सही, दहा मिनिटांची तोंडी परीक्षा, आणि काही वर्षांनी सगळा गठ्ठा रद्दीत.

हे पाहून मुलांना आळशी ठरवणं सोपं आहे. कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ‘प्रोजेक्ट करून मिळेल’ अशी पाटी असते, हेही खरंच. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडे आपण मागतो काय ते जरा बघा. त्याने स्वतःचा ‘नावीन्यपूर्ण’ विषय शोधायचा, त्यावर आधी कोणी काय लिहिलं ते वाचायचं (ते त्याच्या ग्रंथालयात नसतं), प्रश्नावली रचायची, शंभर माणसं गाठायची, संख्याशास्त्र लावायचं आणि एका सत्रात टाइप केलेला अहवाल आणून द्यायचा. पीएच.डी.ला पाच-पाच वर्षं घेऊनही जे अनेकांना धड जमत नाही, ते त्याने परीक्षा सांभाळून करायचं. तो शहाणा असतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गुगल फॉर्म टाकतो आणि मित्रांना ‘भरा रे’ म्हणतो. मग ‘ग्रामीण ग्राहक व ऑनलाइन खरेदी’ या विषयावर शंभर उत्तरं येतात, आणि ती देणारे झाडून सगळे ऑनलाइन असतात. ज्या ग्राहकाकडे साधा फोन आहे तो या पाहणीत शिरूच शकत नाही. तरी निष्कर्ष छापला जातो की ग्रामीण ग्राहक मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन खरेदी करतो.

आता नवं शैक्षणिक धोरण आलंय, तेव्हा हा प्रश्न पुन्हा विचारायला हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात चार वर्षांची पदवी आहे. चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत किमान 75 टक्के हवेत. मग 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प मिळतो. म्हणजे संशोधन हे वरच्या मजल्यावरचं काम, आणि तिथली लिफ्ट टक्केवारीवर चालते. पाठांतराच्या परीक्षेत 75 मिळवणारी मुलगी मोजण्यात, विचारण्यात, टिपून ठेवण्यात तरबेज असेलच असं नाही, आणि बासष्ट टक्क्यांवाला त्यात मठ्ठ असेल असंही नाही. शिवाय बरीच मुलं तीन वर्षांनीच बाहेर पडणार. बँकेत, पंचायत समितीत, वितरकाच्या गोदामात, शाळेत नोकरीला लागणार. ‘आपल्या भागातल्या 80 टक्के लोकांना योजनेचा लाभ मिळाला’ असं कुणी सांगितलं, की ‘80 टक्के कशाचे? मोजलं कुणी? कुणाला विचारलंच नाही?’ हे त्यांना सुचायला हवं. ते शिकवायची जागा चौथ्या वर्षाच्या आधी आहे. महाराष्ट्राच्या आराखड्यात ती खरं तर ठेवलेलीही आहे: फील्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडलेलं काम (सीईपी), ऑन जॉब ट्रेनिंग. एका क्रेडिटला तीस तास. जागा आहे, तास आहेत. त्यात काय भरायचं एवढंच ठरायचंय, आणि सध्या त्यात जुने ‘चिकित्सक अभ्यास’च भरले जाताहेत.

माझं म्हणणं साधं आहे, थोडं उफराटंही वाटेल. पदवीच्या विद्यार्थ्याला नवा विषय शोधायला लावू नये. कॉलेजने एक लहान, मोजता येणारा, गावातल्या कुणाला तरी ज्याचं उत्तर हवंय असा प्रश्न निवडावा, आणि तोच प्रश्न दरवर्षी नव्या तुकडीकडून मोजून घ्यावा. दहा वर्षं. टक्केवारी न बघता सगळ्यांकडून.

यात संशोधनाचा अपमान वगैरे काही नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन जवळच्याच एका गावाचा अभ्यास केला आणि 1917 साली तो प्रसिद्ध झाला. गाव होतं पिंपळे सौदागर. आज तिथे टॉवर आहेत, तेव्हा शेती होती. त्यांनी जुनी दप्तरं काढली, शेत आणि शेत पाहिलं, कर्ज विचारलं. 1771 मध्ये सरासरी चाळीसेक एकरांची असलेली धारण, म्हणजे एका शेतकऱ्याकडची जमीन, 1914-15 पर्यंत सातेक एकरांवर आली होती, हे त्यातून पुढे आलं. शेतीच्या तुकड्यांविषयी नंतर जी चर्चा झाली, तिच्यात हा आकडा वर्षानुवर्षं फिरत राहिला. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. पहिलं गाव पुण्या-खडकीच्या कुशीतलं होतं, म्हणून मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर यांनी दुसरं, कोरडवाहू गाव निवडलं, जातेगाव बुद्रुक, आणि तीच मोजणी पुन्हा केली. ती 1921 मध्ये आली. 1930 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, आणि त्याच संस्थेतल्या सोवनी प्रभृतींनी शहर पुन्हा पाहून 1956 साली पुनर्पाहणी छापली. चालत किंवा सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावरचं गाव, सोपे प्रश्न, आणि तेच पुन्हा. उपयोजित संशोधनाची ही आपल्याच घरातली वाट आहे. ती सोडून आपण ‘विशेष संदर्भ’ लावत बसलो.

प्रश्न कसा असावा, ते उदाहरणाने सांगतो. तालुक्याच्या कुठल्याही कॉलेजात निम्मी-अधिक मुलं एसटीने येतात. पहिल्या तासाला उशीर झाला की ‘गाडी आली नाही सर’. आगारात विचारलं तर उत्तर मिळतं, त्या मार्गावर तासाला दोन गाड्या आहेत, सरासरी अर्ध्या तासाला एक. म्हणजे थांब्यावर सरासरी पंधरा मिनिटं थांबावं लागायला हवं. मुलं शपथेवर सांगतात, वीस-बावीस मिनिटं तरी उभं राहावं लागतं. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. समजा दोन गाड्या दहा मिनिटांच्या अंतराने आल्या आणि मग पन्नास मिनिटांचा खंड पडला. आगाराची सरासरी तीस मिनिटं, बरोबर. पण थांब्यावर केव्हाही येणारा प्रवासी त्या लांब खंडात सापडण्याची शक्यता सहापैकी पाच. तिथे तो सरासरी पंचवीस मिनिटं थांबतो. छोट्या खंडात सापडला तर पाच. दोन्हींचा हिशेब मांडला की जवळजवळ बावीस मिनिटं होतात. आगार गाड्या मोजतं, मुलं आपलं थांबणं मोजतात. एकाच रस्त्याच्या दोन सरासऱ्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. हे गणित आठवी-नववीच्या पलीकडचं नाही. पण ज्या मुलीने दोन आठवडे थांब्यावर वही घेऊन गाडीची वेळ टिपली आहे, तिच्या हातून ते निघालं की ‘सरासरी’ या शब्दाला ती पुन्हा कधी भुलणार नाही.

अजून गंमत पुढेच आहे. वहीत नुसत्या आलेल्या गाड्यांच्या वेळा टिपल्या, तर रद्द झालेली फेरी कुठेच दिसत नाही. ती दिसण्यासाठी आधी वेळापत्रक लिहून काढावं लागतं आणि प्रत्येक फेरीपुढे ‘आली’ की ‘नाही’ असा रकाना ठेवावा लागतो. पुस्तकात याच्यासाठी भारदस्त नावं आहेत. ती नंतर सांगता येतील. रकाना आखताना जे कळतं, ते नावाआधी कळलेलं बरं.

दुसरं उदाहरण पाण्याचं. जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज 55 लिटर पाणी द्यायचं ठरलंय. ‘तुमच्या घरी नळ आहे का?’ असं विचारलं तर बहुतेक ‘हो’ म्हणतील, पाय चार्टचा मोठा तुकडा निळा होईल, प्रकल्प संपला. त्याऐवजी पंधरा लिटरची बादली आणि फोनमधलं घड्याळ घेऊन जा. समजा टाकीजवळच्या आळीत बादली पाऊण मिनिटात भरली आणि पाणी चाळीस मिनिटं टिकलं. आठशे लिटर झालं. शेवटच्या आळीत तीच बादली भरायला पाच मिनिटं लागली, तर चाळीस मिनिटांत एकशे वीस लिटर. घरात सहा माणसं असतील तर माणशी वीस. नळ दोन्हीकडे आहे. आता विद्यार्थ्यापुढे खरे प्रश्न उभे राहतात: घरं कशी निवडायची, टाकीपासूनच्या अंतरावर की नावांच्या यादीतून चिठ्ठी काढून? सकाळचं पाणी मोजायचं की संध्याकाळचं? आणि नळाला मोटार लावलेली असेल, तर तुम्ही येताना दिसलात की लोक ती झटकन काढून ठेवतात, त्याचं काय करायचं? या शेवटच्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर नाही. मुलांनी वर्गात बसून भांडून एखादी युक्ती काढावी, ती फसावी, पुढच्या तुकडीने सुधारावी.

आपल्या पाहणीत कोण आलंच नाही, हे विचारायची सवय किती मोठं काम करू शकते, याचा दाखला गडचिरोलीत आहे. स्त्रीरोगांविषयीचे आकडे एरवी दवाखान्यात आलेल्या बायकांवरून निघत. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या दवाखान्यात न आलेल्या बायकांनाही तपासलं. 650 स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. हा अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगाला विचार करावा लागला. तिथे डॉक्टर होते, प्रयोगशाळा होती; पदवीच्या मुलांकडून तसल्या कामाची अपेक्षा नाही. पण दवाखान्याच्या रांगेऐवजी गावाची यादी धरणं, ही त्यामागची साधी चाल कुठल्याही कला शाखेच्या वर्गाला शिकवता येते.

आता आक्षेप. पहिला, आणि खरा, शिक्षकांचा. राज्यातल्या कॉलेजांत कायम जागा रिकाम्या आहेत, वर्ग तासिका तत्त्वावर चालतात. ज्याला तासाचे पैसे मिळतात आणि तेही महिनोन्महिने रखडतात, त्याने रविवारी मुलांना घेऊन गावात का जावं? हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. जागा भरल्याशिवाय कुठलीच पद्धत नीट चालणार नाही. पण आजची पद्धत तर त्याच शिक्षकाला तीस-चाळीस विषयांचा मार्गदर्शक करून ठेवते. एकीकडे बचत गट, दुसरीकडे शेअर बाजार, तिसरीकडे दलित साहित्य, चौथीकडे पोल्ट्री. त्याने कुणाला काय सांगावं? सही करावी. विषय एकच असेल तर प्रश्नावली एक, रकाने एक, चुका एकसारख्या, आणि दुसऱ्या वर्षी शिक्षकाला त्या आधीच ठाऊक. माझ्या मते त्याचं काम उलट हलकं होतं.

एकशे वीस मुलांचा वर्ग ही आपली रड आहे. मोजणीच्या कामात मात्र तीच श्रीमंती ठरते. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालच्या तागाच्या पिकाची नमुना पाहणी बसवताना एक युक्ती वापरली होती: एकाच भागात दोन वेगळे नमुने, दोन वेगळ्या तुकड्या, एकमेकींना न विचारता. दोघींच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढा आपल्या मोजण्याचा भरवसा कमी. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीतही ही रीत आली. वर्गाचे दोन भाग करा आणि त्याच आळ्यांत वेगवेगळ्या दिवशी पाठवा. एका तुकडीला माणशी 31 लिटर आले, दुसरीला 44, की खरा तास सुरू होतो. घरात कोण होतं? सासूने सांगितलं की सुनेने? बादली भरली म्हणजे काठोकाठ की चार बोटं खाली? एकट्या विद्यार्थ्याच्या शंभर फॉर्ममध्ये ही चूक पकडायला जागाच नसते. तिथे एकच आकडा येतो आणि तो खरा मानावा लागतो.

दुसरा आक्षेप ‘सक्तीने काही होत नाही’. याला पुरावा भरभक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे पदवीला विषय आला, त्याबरोबर क्षेत्रभेटीचा प्रकल्प आला. त्याचं काय झालं ते ज्याने तो ‘केला’ त्याला विचारा. नदी न पाहता नदीप्रदूषणावर वीस पानं लिहिणाऱ्या पिढ्या आपण तयार केल्या. पण तो प्रकल्प फसला तो सक्तीपेक्षा दुसऱ्या कारणाने, असं मला वाटतं. त्याच्या उत्तराची कुणी वाट पाहत नव्हतं. मागच्या वर्षीचं उत्तर कुणाकडे नव्हतं, म्हणून यंदाचं खोटं असलं तरी कळत नव्हतं. जिथे आधीच्या चार तुकड्यांचे आकडे भिंतीवर लागले आहेत, तिथे घरी बसून भरलेला आकडा लगेच वेडावाकडा दिसतो.

या कल्पनेचं थोडंफार जवळचं रूप राज्यात आहेही. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्रात ग्रामीण भागाच्या पाण्यावर, तंत्रज्ञानावर विद्यार्थ्यांकडून काम होत आलंय, आणि 2016 पासूनच्या उन्नत महाराष्ट्र अभियानात अभियांत्रिकी कॉलेजांनी जिल्ह्याचे प्रश्न घ्यावेत असं ठरलं. चांगलंच आहे. पण त्याचा रोख अभियांत्रिकीकडे. बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना गावात ओळख जास्त, भाषा जवळची, आणि मोजण्याचं वळण मात्र कुणी लावलेलं नाही. गरज तिथे आहे.

‘हुशार मुलांच्या कल्पकतेचं काय?’ असंही कुणी म्हणेल. चौथ्या वर्षी घेऊ दे की त्यांना स्वतःचा विषय, अगदी हवा तसा. दोन वर्षं जुनं मोजून झाल्यावर सुचलेला नवा विषय बरा असतो.

लोकांचाही विचार करायला हवा. गावं पाहण्यांना कंटाळली आहेत. आशाताई विचारते, अंगणवाडीताई विचारते, जनगणनेचा मास्तर विचारतो, त्यात समाजकार्याची मुलं. उत्तर देणाऱ्याला परत काहीच मिळत नाही. म्हणून मी उत्पन्न, कर्ज, जात यांचे प्रश्न पहिल्या दोन वर्षांत ठेवूच नयेत अशा मताचा आहे. लहान गावात ‘शेवटच्या आळीतलं एक कुटुंब’ म्हटलं की नाव न लिहिताही सगळ्यांना कळतं. मुलीला स्वतःच्या आळीत पाठवू नये; शेजारच्या काकूंचं कर्ज तिला ठाऊक होण्यात कुणाचंच भलं नाही. बादली आणि एसटी यांना जात नसते असं मी म्हणत नाही, शेवटची आळी बहुतेक कुणाची असते ते आपल्याला माहीत आहे. पण तिथे आकडा अंतरापासून सुरू होतो आणि पुढचं वर्गाला आपोआप दिसतं.

निकाल पहिल्यांदा त्या गावाला द्यायचा. ग्रामपंचायतीच्या फलकावर एक पान, मोठ्या अक्षरात, मराठीत. सरपंचांना ते आवडणार नाही अशी शक्यता आहे. आगार व्यवस्थापकही म्हणतील, ‘पोरांचे आकडे काय धरता?’ पहिल्या वर्षी त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं असेल, आणि तसं त्या पानावर लिहावंही: दोन तुकड्यांच्या आकड्यांत एवढा फरक आला. चौथ्या वर्षी तेच म्हणणं अवघड जाईल.

राहिला गुणांचा मुद्दा. अहवाल आता कुणालाही पाच मिनिटांत लिहून मिळतो. झेरॉक्सवाल्याचा धंदासुद्धा एआयने बसवला. त्यामुळे बांधीव अहवालाला गुण द्यायचं कारणच उरलं नाही. गुण वहीला द्यावेत. तारीख, वेळ, खाडाखोड, पावसाने पसरलेली शाई असलेल्या वहीला. ‘दार बंद होतं, दुसऱ्यांदा गेलो, तरी बंद’ अशा नोंदीला पूर्ण गुण, कारण ते घर गाळून शेजारचं उघडं घर धरायचा मोह तिथे आवरलेला असतो. दुसऱ्या तुकडीशी फरक का पडला याचं एक पान, त्याला सर्वांत जास्त. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकाऐवजी पुढच्या वर्षाची मुलं बसवावीत. ती वही त्यांना वापरायची आहे, तेव्हा नेमके प्रश्न तीच विचारतील. काळ्या कव्हरला आणि सोनेरी अक्षरांना शून्य.